तीन क्रेडिटपुरतं

फॉर्मवर एक चौकोन रिकामा राहत होता
म्हणून घेतला हा विषय.
मंगळवारी संध्याकाळी सहा ते पावणेनऊ,
टोलीडोच्या कम्युनिटी कॉलेजची तळघरातली खोली,
हीटरचा खडखडाट, आणि आम्ही चौदाजण.
शेजारी टेरेल, दिवसभर छपरं दुरुस्त करून आलेला,
नखांत डांबर.

कोवाचबाईंनी पहिल्या दिवशी एकच स्लाइड लावली.
मासे साफ करणारी बाई. चित्रकार अज्ञात.
म्हणाल्या, चाळीस मिनिटं. बोलायचं नाही.
मी दोन मिनिटांत बघून मोकळा झालो.
बाई आहे. मासे आहेत. सुरी आहे.
उरलेल्या अडतीस मिनिटांत
वहीच्या मागच्या पानावर महिन्याचा खर्च मांडला,
पुन्हा मांडला,
तेवढाच आला.

परतूरला आम्हाला चित्रकलेला वाघचौरे सर होते.
एलिमेंटरीच्या परीक्षेला तांब्या, दोन कांदे, दुमडलेला टॉवेल.
सर आधीच बजावून गेलेले:
उजेड डावीकडून, सावली उजवीकडे, सिक्स-बी घास.
घासली. सी ग्रेड.
घरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
तेव्हापासून सावली म्हणजे
उजवीकडची काळी गोष्ट, हे पक्कं.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात
बाईंनी पांढऱ्या कागदाला नखाएवढं भोक पाडलं,
छापील चित्रात ॲप्रनच्या घडीवर ठेवलं
आणि मला विचारलं, कुठला रंग?
काळा.
नीट बघ.
टेरेल म्हणाला, हिरवट. शेवाळासारखा.
मला त्याचा रागच आला.
मग दिसलं.

बाई दरवेळी एकच शब्द वापरायच्या.
मी मनातल्या मनात त्याचं मराठी करायचो:
आधी बघ, मग पाहा,
नोव्हेंबरात कधीतरी, निरख.

त्याच सुमारास एकदा शेवटची बस चुकली.
पार्किंगमधल्या दिव्याखालचा बर्फ
पांढरा नव्हता.
दोन वर्षं मी त्याला पांढरा म्हणत आलो,
आईला फोनवर तसंच सांगितलं होतं.
कडेला नारिंगी, आणि टायरच्या चरीत
जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा.
हातमोज्याची मूठ करून तिच्या भोकातून
मी बघत राहिलो, इतका वेळ
की एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं,
सगळं ठीक ना?

असं नाही की सगळंच आवडलं.
एक कॅनव्हास नुसता राखाडी होता,
त्याच्यापुढे मी अजूनही ढिम्म.
बाईंना सांगितलं. म्हणाल्या,
मलाही नाही आवडत, तीस वर्षं झाली.
पण मी त्याला टाळत नाही.

परीक्षेत शतक चुकलो. बी मायनस.
टॅक्सेशनमध्ये ए.

कोर्स संपला, तरी रविवारी म्युझियममध्ये जातो.
मूळ चित्र तिथंच आहे,
शाळेच्या पाटीएवढं. इतकं लहान असेल वाटलं नव्हतं.
पहारेकरी ऑर्व्हिल आता ओळखतो.
अकरा वर्षं हिच्यासमोर उभा आहे म्हणाला,
मासे मला पाठ आहेत.
मग हात पाठीशीच ठेवून हनुवटीनं दाखवलं:
सुरीच्या वर, रंगाखाली,
अंधूक, दुसरा एक अंगठा.
आधी तिथं काढला होता. मग बदललं त्याचं मन.
उभ्यानं नाही दिसायचा. गुडघ्यात वाक.

मी वाकलो.
माझ्या त्या तांब्यालाही
एक खोडलेला काठ होता,
रबरानं कागद फाटायला आलेला.
वाघचौरे सरांनी तो बघितला होता का,
आठवत नाही.

ऑर्व्हिल म्हणाला, आणखी थोडा खाली.