खोली अठरा

भाच्याने पेनड्राइव्हवर दिला खेळ,
म्हणाला, मामा, तुझ्याच कामाचा आहे:
हवा, पाणी, माणसं.

रुवैसचा कॅम्प, खोली अठरा, तीन दुमजली पलंग,
मध्ये उलटी बादली, बादलीवर लॅपटॉप,
आणि काळ्या आभाळात गरगरणारं
माझं अंतराळस्थानक. बत्तीस वस्ती.
प्रत्येकाच्या डोक्यावर एक पट्टी,
हिरवी असेल तर माणूस खूश,
तांबडी झाली की पुढचं यान पकडून चालता होतो.

"तिकिटाचे पैसे कोण देतं?" पास्कल डाबरेचा पहिला प्रश्न.
स्टोअरमध्ये अकरा वर्षं काढलेला माणूस.
"आणि पासपोर्ट कुणाच्या कपाटात?"
ते दाखवत नाहीत, म्हटलं.
"मग अर्धाच केलाय खेळ."

तुळशीराम कांदळगावकर, प्लंबर,
चष्मा पुसून खोली-खोली बघत गेला.
संडास आहेत, शॉवर आहेत, नळ कसे चकचकीत,
"पण उतार कुठाय?
उताराशिवाय पाइप म्हणजे नुसती चित्रकला."
अंतराळात उतार नसतो रे.
"मग मी तिकडे काय करू?"
आणि खरंच थोडा उदास झाला.

दिलबहादुरला मात्र मनापासून आवडला.
गेटवर बारा तास उभा राहणारा तो,
त्याला थांबवायचं बटण सापडलं.
दाबलं की सगळे जिथल्या तिथे, चमचा तोंडाजवळ.
दर शुक्रवारी यायचा, तेवढं एकच बटण दाबायचा,
जरा वेळ बघायचा, जायचा.

मेसचे आचारी हुसेनमियाँ हमदुले, दाभोळचे,
त्यांनी एकदाच वाकून भटारखाना बघितला.
एक मशीन, त्यातून चौकोनी पुड्या.
"बत्तीस जण हे खातात, आणि एकही शिवी नाही?
खोटा आहे तुझा खेळ."

मी काही बोलायचो नाही.
तिथे एक पंखा बसवला की
बत्तीस पट्ट्या एकदम हिरव्या व्हायच्या.
इथे एसी चालू असेपर्यंत मी कुणाला दिसत नाही.

ऑगस्ट. रात्री दीडला बी ब्लॉकचा चिलर बसला.
खेळ तसाच टाकून पळालो.
गच्चीचा पत्रा रात्रीही पोळतो,
समुद्राकडची हवा ओल्या पोत्यासारखी अंगावर,
पलीकडे रिफायनरीची ज्योत, निवांत.
काँटॅक्टर जळालेला. अडीच तास गेले.
खाली अंगणात चटया टाकून माणसं,
डोक्यावर ओले टॉवेल, सगळ्यांचं तोंड वर, माझ्याकडे.
पट्ट्या नव्हत्या कुणाच्या. मला दिसत होत्या.

चारला परतलो. म्हटलं, तिकडचे मेले असणार.
तर बादलीपुढे हुसेनमियाँ, मांडी घालून.
"घंटा वाजत होती. तुझा पंखा तिकडेही जळाला."
व्यायामशाळा बंद, बाग बंद, कॅप्टनची खोली बंद,
एकेक दार लावून हवा वाचवलेली,
आणि बत्तीसच्या बत्तीस भटारखान्यात,
दाटीवाटीने, तांबड्या पट्ट्यांनी, जिवंत.

"यान आलं होतं," ते म्हणाले.
"सगळे एकदम धावले असते, चेंगरले असते.
म्हणून तेही दार लावून टाकलं."

वरच्या पलंगावरून पास्कल, जागाच:
"आता झाला पुरा."

हुसेनमियाँना कळलं नाही. किंवा कळलं.
गुडघ्यावर हात टेकून उठले,
तीनशे चाळीस माणसांचं पीठ भिजवायला गेले.
डोक्यावरच्या जाळीतून खडखडत गार हवा आली,
तुळशीराम झोपेतच कुशीवर वळला.
मी यानाच्या दारावर बोट ठेवून
बराच वेळ बसलो.