आघाडा

काचपट्टीखाली पाणी उकळत ठेवते मी.
थंडपणी हा रंग आत घेत नाही.
पाच मिनिटं वाफ, वर मॅलाकाइटचा हिरवा,
तेव्हा कुठं एक टिंब हिरवं होतं.
बाकीचे बिचारे लगेच गुलाबी.

खाट अकरा. पद्माकर वैती, दिवा गाव,
रबाळ्याच्या कारखान्यातून निवृत्त.
दाढेसाठी गोळ्या घेतल्या,
मग पोट वाहू लागलं ते थांबेना.
ऐरोलीच्या ह्या वॉर्डात त्यांची तिसरी खेप.

गाभा, त्यावर साल, सालीवर कवच,
इथवर पुस्तकं नीट सांगतात.
पण सगळ्यात बाहेर एक सैल झगा असतो,
मापानं न शिवलेला,
आणि झग्यावर लव.
ती लव धरते:
खाटेचा कठडा, बेडपॅनची कड,
रक्तदाबाच्या पट्ट्याचं कापड,
आत गेल्यावर आतड्याची ओली भिंत.
जीव नाही म्हणावं इतका निपचित.
खात नाही, वाढत नाही, त्याला घाई नाही.
पित्ताची चव लागली की उठतो,
झगा टाकतो
आणि विष करायला बसतो.

हिराबाई मढवी ब्लीचनं कठडे पुसते,
घड्याळ बघून दहा मिनिटं ओले ठेवते.
तिला मोबाइलवर ह्याचं मोठं केलेलं चित्र दाखवलं.
एक डोळा मिटून बघितलंन्, म्हणाली,
"यो त आघारा गो!"
घणसोलीला, मिठागराच्या बांधावरनं येताना
आईच्या लुगड्याला लागून घरात यायचा.
झटकून जायचा नाही.
"पानी सोरून याला दुसरा इलाज नाय."

दाराशी सॅनिटायझरची बाटली आहे.
दाबा, चोळा, हात वाळतात,
मन निवतं.
स्पिरिटनं हा मरत नाही,
साबण लावून नळाखाली वाहून घालवावा लागतो.
दर जूनमध्ये नव्या पोरांना हे शिकवते मी,
फळ्यावर झगा काढून, लव काढून.

गेल्या महिन्यात वैतींचा नमुना आणायला मीच गेले होते.
बेसिनपाशी कुणीतरी चूळ भरत होतं.
मी बाटली दाबली.
मग शेजारच्या कठड्यावर हात टेकून विचारलं,
जेवलात का, आजी?

आजची काचपट्टी बाराव्या खाटेची.

एक टिंब. त्याच्या बाजूला दुसरं.
मागे नळ चालू आहे,
मीच सोडलाय,
किती वेळ झाला बघितलं नाही.