उलटा करून गुणा

एकोणीस वर्षं मी हे एक वाक्य विकलं:
भागायचं असेल तर दुसरा अपूर्णांक उलटा करा
आणि गुणा.
का, असं कुणी विचारलं नाही.
मीही माझ्या मुअल्लिमना विचारलं नव्हतं,
त्यांच्या हातात जर्दाळूची ओली फांदी असायची.

बारतांगच्या खोऱ्यात आमची शाळा,
चार खोल्या, एक लोखंडी शेगडी,
सातवीत अकरा पोरं.
फळ्याच्या खालच्या कोपऱ्यातला रंग उडालाय,
तिथे खडू उमटत नाही,
म्हणून छेद मी नेहमी जरा वर लिहितो.

शोडमोन सव्वातीनातून पावणेदोन वजा करतोय.
तीनातून एक गेला, दोन.
पावातून पाऊण जात नाही,
म्हणून तो पाऊणातूनच पाव काढतो, खुशाल,
आणि उत्तर लिहितो अडीच.
"अरे, घरात सव्वातीन पोती पीठ,
पावणेदोन खाल्लं आणि अडीच उरलं?
मग आईलाच पाठव, मला शिकवू दे."
पोरं हसतात. तो हसत नाही.
त्याचा बाप वर्षाचे साडेदहा महिने
मॉस्कोत विटा चढवतो.
मी आवाज खाली आणतो.
"जे आख्खं आहे त्यातलं एक मोडावं लागतं, बाळा.
चार पाव कर त्याचे. तुझा एक धरून झाले पाच.
आता दे तीन."
तो मोडतो.
दीड उरतं.
दीड लिहून तो खडू खाली ठेवत नाही,
मी उगाच शेगडीत लाकूड सारतो.

पण सांगायचं होतं ते ओफरिदाचं.
मिरोब कदमशोची नात.
पाटाचं पाणी कुणाला किती, हे ठरवणारा तो म्हातारा,
सही करायला अजून अंगठा पुढे करतो.
फळ्यावर होतं: साडेचार भागिले पाऊण.
मी म्हटलं, उलटा करा...
ती म्हणाली, "कशाला?"
उद्धटपणा नव्हता त्यात.
सरळ उभ्या माणसाला डोक्यावर का उभं करायचं,
एवढंच तिला कळत नव्हतं.

तिनं खिशातून जर्दाळूच्या बिया काढल्या.
"साडेचार तास पाणी. घराला पाऊण तास.
आजोबा तासाचे चार तुकडे करतात. म्हणजे अठरा."
अठरा बिया बाकावर.
"एका घराला तीन."
तीन तीन करून ती सरकवत गेली,
एक घरंगळली, वाकून उचलली.
"सहा घरं."

चारनं गुणलं. तीननं भागलं.
मी फळ्याकडे वळलो.
तीन छेद चार. उलटा: चार छेद तीन.
एकोणीस वर्षं तो तिथं ओरडून कारण सांगत होता
आणि मी त्याच्याकडून नुसती कवायत करून घेत होतो.

"पण मुअल्लिम," मागून किमत म्हणाला,
"भागून वाढतं कसं? साडेचारचे सहा?"
माझ्या आधी ओफरिदा बोलली:
"वाढलं कुठे? पाणी तेवढंच आहे.
आपण घरं मोजली."

या महिन्यात त्यांच्या घराची पाळी
रात्री पावणेतीनची.
कंदील, फावडं, म्हाताऱ्याचा खोकला.
साडेतीनला दगड लावून पाट वळवायचा,
पुढच्या घराची माणसं अंधारात उभी असतात,
मिनिटभर उशीर झाला तर मिरोबच्या घरालाही बोल लागतो.
सकाळी ती येते, बुटांवर चिखल वाळलेला,
दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकते.

हजेरीपटात दोनच खुणा:
हजर, गैरहजर.
मी तिच्या नावापुढे पाऊण लिहितो.
खोरोगहून तपासनीस येईल,
चष्मा पुसून विचारील, हे काय?
मी सांगेन:
खालचा चार आमच्या पाटाचा,
वरचे तीन तिचे.
आणि जरा हळू बोला, साहेब,
चौथा पाव झोपलाय.