मुरगावची वेळ

बांबोळीला दुसऱ्या मजल्यावर माझी खोली अंधारी.
खिडकीला काळा कागद, एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
काचेवर कुणाच्या तरी मानेतली गाठ,
चार मायक्रॉन जाड.

निरोगी पेशीत लाल आणि हिरवा ठिपका
इतके लगटून बसतात की पिवळे दिसतात.
मी पिवळे मोजते. दोनशे पेशी, दर काचेला.
कुठे लाल एकटा दिसतो, हिरवा लांब:
तिथे आठव्या गुणसूत्राचा तुकडा सुटून
चौदाव्याच्या पडवीत राहायला गेलेला असतो,
दुसऱ्याच्या मीटरवर रात्रंदिवस दिवा जाळत.

एक्केचाळीस नंबरच्या काचेत
फूट दोन ठिकाणी होती.
दुसरी अशी, की पेशीला मरायचंच आठवत नाही.
दोन्ही बदल आढळले, मी लिहिलं.
बाजूला डॉक्टर कारापूरकरांनी पेन्सिलीनं:
पाच वर्षं, शंभरात तीस.
मग खोडलं. कागदाला वळ राहिला.

एक्केचाळीस म्हणजे कुष्टा वळवईकर, वय अठ्ठावन्न,
कुंभारजुव्याच्या खाजणावरचा मानसकार.
रिपोर्ट मागायला चुकून माझ्याच दाराशी आला.
"बाय, हांगा म्हजो वेळ बरयला?"

का कोण जाणे, मी त्याला ती रेघ दाखवली,
पायऱ्यापायऱ्यांनी खाली येणारी.
एक उतरण म्हणजे कुणीतरी गेलं, सांगितलं.
पलीकडची ठळक रेघ परदेशातली, हजार माणसांची,
ही खालची बारकी आपली.
चष्मा कपाळावर सारून तो बघत राहिला.
म्हणाला, कॅलेंडरात भरतीची वेळ छापतात
ती मुरगाव बंदराची.
तिच्यावर मानस सोडलं तर शेत खारं होईल माझं.
आत आमच्याकडे पाणी पाऊण तास उशिरा येतं,
वारा असला तर आणखी.
कॅलेंडर मी फेकत नाही हं.
पण बघतो पाण्याकडे.

सहा केमो झाल्या. केस गेले, परत आले, कुरळे.
एकोणिसाव्या महिन्यात तो यायचा थांबला.
फोन लागेना.

अशा माणसाची रेघेवर पायरी नसते,
एक बारीक उभी खूण असते.
मेला असं नाही. जगतोय असंही नाही.
तिथवर दिसला होता, एवढंच.
आमच्या रेघेवर अशा अकरा खुणा.
पायऱ्यांची मला सवय झाली आहे.

एका रविवारी मी बस धरली.
बांधावर, मांडीभर चिखलात,
तो कुर्लीचं बीळ बुजवत होता.
बोटाएवढं भोक. रात्रीत बांध नेतं, म्हणाला.
फोन? फोन खाडीत पडला.
आणि कोरगुटाची पेरणी होती, मग कापणी,
मग सुंगटांचा हंगाम, मग पुन्हा पेरणी.
हसला. बोलताना एकदा हात कानाखाली गेला,
तिथेच थोडा थांबला.
मी मानसाच्या फळ्यांकडे बघू लागले.
त्यांतली एक नवी होती, अजून पिवळी.

गुरुवारी या, म्हटलं.
गुरुवारी उधाण आहे. शुक्रवारी येतो.

सोमवारी मी त्याची खूण उचलली
आणि एकोणिसावरून एकतिसावर ठेवली.
रेघ हलली.
मधल्या बारा महिन्यांत जे जे गेले
त्यांच्या पायऱ्या थोड्या बुटक्या झाल्या,
आणि तिथून पुढची सगळी रेघ केसभर वर आली.
चमत्कार नव्हे, भागाकार आहे:
भागायला एक माणूस जास्त मिळाला.
कारापूरकरांना ते दिसेना.
पट्टी लावली तेव्हा दिसलं.
त्या काही बोलल्या नाहीत, पट्टी मात्र
बराच वेळ तशीच धरून बसल्या.

आज शुक्रवार. वेळ दहाची दिली आहे.
काचेवर चौसष्ट नंबर, लाल वेगळा, हिरवा वेगळा.
दहा वाजून वीस मिनिटं झालीत.
पाऊण तास धरायचा.
बाहेर माडांच्या झावळ्या वाजतायत,
म्हणजे आणखी थोडा.