भोक आणि कोरं

सतरा वर्षं मी सरकारतर्फे उभी राहिले
सोलापूरच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथला पंखा साक्षीदारांपेक्षा जास्त बोलायचा.

आधी चोऱ्या, हुंडे, बांधावरची कुऱ्हाड.
मग एक दिवस फायलीतून एक नाणं आलं
जे वाजत नव्हतं.
जज्जसाहेबांनी विचारलं, मुद्देमाल कुठाय?
म्हटलं, साहेब, सगळीकडे.
ते माझ्याकडे बघत राहिले,
जणू मीच आरोपी.

विडी वळणाऱ्या नऊशे बायका.
हजार विड्यांमागे हातात पडायचं ते
शशिधर गुंडेटीच्या अॅपमध्ये.
आकडा रोज फुगायचा, तव्यावरल्या भाकरीसारखा.
आमच्याकडे भाकरी कडक करून महिनाभर टिकवतात.
ही तव्यावरून खाली उतरलीच नाही.

मी पैशाच्या मागे निघाले.
रात्री दोनला, स्वयंपाकघरात,
शेंगाचटणीच्या बरणीला टेकवलेला लॅपटॉप.
साखळीत काही खोडता येत नाही, हे मला आवडलं.
सावकाराची वही पान फाडू देते,
इथं प्रत्येक पान पुढच्याला शिवलेलं.
या पाकिटातून त्या पाकिटात,
आणि शेवटच्या पाकिटाला कुलूप.
किल्ली म्हणजे बारा शब्द.
शशिधर हसला. लक्षात नाहीत म्हणाला.

झडतीत एक चादर मिळाली.
मोराच्या मानेत काही ओळी चुकलेल्या.
आणि मागावरच्या माळेत
एक पट्टी जास्तीची.

त्याच्या बापानं, राजमल्लूनं,
चाळीस वर्षं जकार्डच्या पट्ट्यांना भोकं पाडली होती.
भोक म्हणजे धागा वर,
कोरं म्हणजे खाली.
त्यातूनच मोर, त्यातूनच वेल, त्यातूनच पोराची फी.
कोर्टानं दारं लावून घेतली.
मोतीबिंदूचे डोळे मिटून
म्हाताऱ्यानं बोटांनी पट्टी वाचली,
एकेक इंग्रजी अक्षर.
अर्थ त्याला माहीत नव्हता.
हात कुणाचा, ते माहीत होतं.
‘डावखुरा आहे ओ आमचा.
भोक जरा तिरकं जातंय त्याचं.’

पाकीट उघडलं. आत रुपयाला अकरा पैसे.
शशिधरला सात वर्षं. पेपरात माझा फोटो.
राजमल्लूनं जाताना पट्टी परत मागितली.
मुद्देमाल आहे, म्हटलं.
मान हलवून गेला.

मग पुण्याहून फोन.
गुंतवणुकीची कंपनी, इथं शाखा काढणारी.
तुम्हाला खोटं कळतं, ते म्हणाले,
आम्हाला तेवढंच हवंय.
महिन्याचा पगार सरकारच्या वर्षाएवढा.
काळा कोट मी ड्रायक्लीन करून आणला
आणि प्लास्टिकमधून काढलाच नाही.

आता होटगी रोडवर काचेची खोली.
पोरं येतात. नवं नाणं, नवी साखळी,
भिंतीवर वर-वर जाणारी रेघ.
मी ऐकते, आणि शेवटी
भोक पाडते किंवा कोरं सोडते.
पूर्वी माझ्यापुढं झालेलं यायचं,
आता न झालेलं येतं,
आणि न झालेल्याला साक्षीदार नसतो.
दहातल्या नऊ मी कोऱ्या सोडते.
दहाव्या वेळी टेबलाखाली तळहात पुसते.

काल अशोक चौकात भूलक्ष्मी वंगारी भेटली.
फिर्यादी क्रमांक चौदा. बोटांना तंबाखूचा वास.
‘मॅडम, आता कुठं बसायलाव?’
सांगितलं.
तिनं कमरेचं पाकीट काढलं,
चेन बिघडलेली, म्हणून सेफ्टी पिन.
‘कोर्टातून आलेले अकरा हजार तसेच हायत.
तुमच्याकडंच ठिवा की.
तुम्ही तर काय खोटं बोलणार नाही.’

सतरा वर्षं प्रश्न मीच विचारायचे.
रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला,
एकच सीट राहिली होती.
ती पिन काढून थांबली होती,
पाकीट उघडं धरून,
आणि मला आत काहीच दिसत नव्हतं
उन्हामुळे.