दीड इंच

खडे बाजारातल्या माझ्या दुकानात
मापं मी मराठीत सांगतो,
बसप्पा ती कन्नड आकड्यांत उतरवतो.
चूक झाली ती एकदाच, एका ब्लाउजच्या बगलेत.

भुजंग किणयेकर पहिल्यांदा आला
तेव्हा पंधराचा. एनसीसीची खाकी चड्डी,
कंबर पंचवीस.
बापाची पिठाची गिरण, त्यामुळे पोराच्या भुवया
कायम पांढऱ्या.
टेप लावली की श्वास कोंडून छाती फुगवायचा.
म्हटलं, सोड की रे, कापड फसत नसतंय.

मग आला तो एकदम एकविसाव्या वर्षी,
खांद्यावर एक तारा, केस इतके बारीक
की कान नवे वाटावेत.
राखाडी लोकरी पँट. साधी, घरात घालायला.
"खाली दीड इंच जादा ठेवा, मास्तर.
मी अजून वाढूलोय."
बसप्पा हसला.
मी ठेवला. आत दुमडून, हातशिलाईनं.
अकरा रुपये बाकी राहिले,
सुट्टीला आलो की देतो म्हणाला.

डिसेंबरात पोस्टमन गिरणीपाशी आला
आणि सायकलला टेकून उभा राहिला.
पट्टा चालू होता, ओरडूनही ऐकू गेलं नसतं.
कुणाची तरी पायलीभर जोंधळा
संपेपर्यंत तो थांबला.
कुठल्याशा नदीकाठी, पूर्वेला;
त्या गावाचं नाव
बापाला कधी धड म्हणता आलं नाही.

चौकात फलक लावायचा तर
लिपीवरून दोन बैठका मोडल्या.
शेवटी आई उठून म्हणाली,
मला दोन्ही वाचता येत नाहीत,
अक्षर तेवढं मोठं काढा.

चार वर्षांनी धाकटा रामलिंग आला.
कागदात गुंडाळलेली तीच पँट,
डांबराच्या गोळ्यांचा वास.
कॉलेजात मुलाखत होती,
आणि हा थोरल्यापेक्षा उंच निघालेला.

मी खालची शिलाई उसवली.
माझाच टाका, तरी सुई अडत होती.
आतलं कापड बाहेर आलं
गडद,
ठाणातून नुकतं फाडल्यासारखं.
वरची पँट विटलेली,
आणि मधे दुमडीची एक रेघ.
इस्त्री फिरवली. पाणी मारून पुन्हा फिरवली.

"ही जाईल ना, मास्तर?"
"जाईल," म्हटलं. "दोन-चार धुण्यांत."

बसप्पानं मान वर केली नाही.
वहीतलं जुनं पान त्यानं उघडलं होतं,
नवं माप
त्याच नावाखाली लिहावं का
हे विचारायला तो थांबला होता.