रकाना

सहकारी बँकेत तीस वर्षं आकडे जुळवले,
तेव्हा मानेचेही मोजू लागलो.
सकाळचे, शाळेनंतरचे, जेवतानाचे:
मान उजवीकडे झटका, मग घशात "हम्",
कधी डोळेही मिटायचे गच्च.
एका वहीत, हिरव्या शाईने.
शार्दूलला वाटायचं मी किराणा लिहितोय.
(वाटत नव्हतं. त्याला ठाऊक होतं.)

"नको ना करूस" हे मी दिवसातून किती वेळा म्हणालो
त्याचा हिशेब मात्र ठेवला नाही.

दांडिया बाजारात जिग्नाबेन विचारायच्या,
"छोकराने नजर तो नथी लागी ने?"
वर्गात त्याने "हम्" केलं की
मागच्या बाकावरून, "प्रेझेंट सर!"

उत्तरायणला गच्चीवर
अख्ख्या बडोद्याच्या माना वर, झटक्याझटक्यानं,
ढील, खेच, परत ढील,
त्यात त्याची मान कुणाला दिसली नाही.
रात्री उंधियो दोनदा मागून घेतला त्याने.
त्या तारखेपुढे काहीच लिहिलेलं नाही.

मग फेब्रुवारीपासून आकडे उतरले.
चाळीस. बावीस. नऊ.
मार्चात ओळीने तीन दिवस शून्य.
मी मांडवीतून पेढे आणले,
हिने देवापुढे ठेवले. त्याला उठवलं नाही,
झोपला होता.

तो झोपलेलाच असायचा.
दुपारी तीनला, पडदा ओढून, भिंतीकडे तोंड करून.
मान कशी शांत!
मी दारातून बघायचो आणि म्हणायचो,
सुटलं पोर.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. अक्षराचं कौतुक केलं.
मग विचारलं, "शेवटचा हसला कधी?"
मी पान उलटलं. मागचं. त्याच्या मागचं.
त्याला रकानाच नव्हता.

त्या म्हणाल्या, झटके आणि ही उदासी
पुष्कळदा एकाच घरात राहतात, काका.
एकाला हाकलताना दुसरीकडे लक्ष जात नाही.

शार्दूल फरशीकडे बघत म्हणाला,
"झोपलो की बाबा वही उघडत नाहीत."

पंख्याचा आवाज बराच वेळ ऐकू आला.

आता गोळी चालू आहे. बुधवारी एक मॅडम त्याच्याशी बोलतात,
काय ते मी विचारत नाही, जड जातं.
काल सकाळी सव्वासहाला दूध तापवत होतो,
मोरीतून आवाज आला, "हम्."
थांबून पुन्हा, "हम्."
पेन खिशातच होतं.

दाराशी जाऊन विचारलं,
चहात आलं घालू का रे?

"थोडं," म्हणाला,
मान झटकत, तोंडात ब्रश तसाच.